नव्या मॉनिटरात दिवा नाई

त्या दिवशी शेडात आमी पाच जन होतो. मी गिरजा. माही धाकटी जाऊ देवका. शेडाचा मालक मोहनशेठ. राजन्ना मिस्त्री, हा सिरोंच्याकडचा, राग आला का तेलुगूत बोलते. अन् कॉलेजात कॉम्प्युटर शिकवनाऱ्या निशा मॅडम. टेम्पोचा डायवर बाहेर गाडीत झोपला होता, त्याले मी धरत नाई. बाकी कोनी म्हनत असन का मी बी तिथी होतो, तं तो खोटं सांगून राह्यला.

शेड बल्लारपुरातलं, चंद्रपूर रोडले. काम जुने मॉनिटर फोडाचं. मी चवथी शिकली, तेवढ्यात अक्षर वाचता येते, लिवता जेमतेम येते. कॉम्प्युटर चालवता आला नाई कधी. पन त्याचा मॉनिटर आतून कसा रायते, हे मले इचारा. तुमी त्याले समोरून पायता, मी सारी उमर मांगून पायला.

मले दोन बायांचं सांगाचं हाय. एक देवका, तिचे हात थरथर कापतात. दुसरी अहेरीकडची एक बाई, तिचं मले नाव बी मालूम नाई. पन आधी काम सांगते, नाईतं तुमाले कायी समजनार नाई.

पैले पेटीवाले मॉनिटर येत. डोक्यावर घेतला तं मान दबे. त्याच्या मांगं काचेची लांब मान असते, भोपळ्याच्या देठावानी, अन् आत हवा नसते. राजन्नानं पैल्या दिवशीच सांगतलं, "अम्मा, पैले याले श्वास घेऊ दे. नाईतं तुह्या तोंडावर फुटन." मंग त्या मानेचं टोक पकडीनं हलकं मोडाचं. फुस्स करून हवा आत जाये. तो आवाज कानावर आला का मंगच हातोडा उचलाचा. मानेवर तांब्याच्या तारेचा गुंडा असे, त्यात शेठचा जीव. काचेच्या आतून पांढरी भुकटी निघे. आमी पदरानं नाक बांधून ती झटकून टाको. खोकला लागला का शेठ गूळ द्याचा. "गूळ खा, धूळ पोटात जाते," म्हने. आमी गूळ खावो. सोता शेठ खुर्ची दूर टाकून बसे, त्याले गूळ लागला नाई कधी.

मंग चपटे आले. शेठचं तोंड उतरलं. "तांबंच नाई यात," असा म्हने का जसं त्याले कोनी फसवलं. आमाले बरं वाटलं, मान वाचली. चपट्याच्या आत लोखंडी चौकट, मंग तीन-चार पांढऱ्या चादरी, कागदावानी पातळ, मंग एक जाड पाटी. दिसे काचेवानी पन फुटे नाई. अन् त्या पाटीच्या काठाले दिवे. दिवे मंजे काचेच्या नळ्या, सायकलच्या स्पोकवढ्या बारीक अन् हातभर लांब. पडद्याले सोताचा उजेड नसते. मांगं हा दिवा जळते तवा तुमाले समोर चित्र दिसते.

ती नळी साबूत काढनं मोठं कठीन. बोटानं जरा जास्त दाबलं का कट्टकन मोडे. शेडात किती मानसं आली अन् गेली, पन नळी साबूत काढावी तं देवकानं. ती काढताना श्वास रोखून धरे. शेठ मोठ्या गिऱ्हाईकाले बोलावून दाखवे, "पाहा बाईचा हात." देवका वर पाये नाई. म्हने, "बोलवू नका शेठ, मोडन."

साबूत काहाले काढाची, तं राजन्ना म्हने, "अंदर पारा हाय अम्मा. तोडू नका." एवढंच त्याले मालूम होतं, अन् त्याले बी कोनी दुसऱ्यानं सांगतलं होतं. शेठ म्हने, खोक्यात ठेवा, नेनारा येईन. नेनारा कधी आला नाई. खोके भरत गेले.

गिऱ्हाईक बी एकेक येत. एक मानूस सावली गावाकडून मॉनिटर शालीत गुंडाळून घेऊन आला. म्हने, "माह्या समोर फोडा. यात माह्या घरच्या खासगी गोष्टी हायत." देवका म्हनली, "भाऊ, हे निसतं तोंड हाय. डोस्कं डब्यात रायते. डबा कुठी हाय?" तो म्हने, "डबा तं भाच्याले देऊन टाकला." मंग त्यानं शाल घडी केली, अन् मॉनिटर तिथीच टाकून बस पकडाले पळाला. राजन्ना दोन दिवस हसून राह्यला.

अन् ती अहेरीकडची बाई. तिचा भाऊ बल्लारपुरात हमाली करे, त्याले भेटाले नवराबायको आले होते. बस याले टाइम होता म्हून शेडाच्या सावलीत बसले. कोपरापर्यंत गोंदलेले हात, केस आडवे बांधलेले. मी पानी देलं. तिची नजर त्या जाड पाटीवर गेली, उनात ठेवली होती. तिनं पाटी डोक्यावर धरली अन् खाली आपल्या हातावर उजेड पडला तो पायला. आमची भाषा तिले कमी ये. नवऱ्यानं सांगतलं, "घराले खिडकी नाई, दिवसा बी दिवा लावा लागते, म्हनते. छपराच्या कवेलूत बसवन." मी पाटी देऊन टाकली, शेठले इचारलं नाई. ती खूश झाली. मले वाटलं, आनखी कायी द्यावं. मंग मी तिले आनखी एक गोष्ट देली. ते पुढं सांगते.

आमच्याकडे धान्यात पारा ठेवाची जुनी चाल हाय. किरान्याच्या दुकानात गोळ्या भेटतात, फडक्यात बांधून तांदळात टाकाच्या, सोंडा किडा लागत नाई. माही आजी ठेवे, सासू ठेवे. देवकाच्या अन् माह्या शेतीच्या वाट्याचा तांदूळ सावलीकडून येते, तो तिच्याच घरी ढोलीत, मंजे बांबूच्या तट्ट्याची कनगी, शेनानं सारवलेली. घर लहान, म्हून ढोली तिच्या झोपाच्या खोलीत, उशाशी. एका साली सारा तांदूळ सोंड्यानं भरला. देवका सुपात घेऊन रोज उनात बसे अन् किडे येचे. ते पाहून माह्या मनात आलं, गोळीत पारा तेवढासा, अन् इथी खोके भरून पारा पडून हाय, कोनी नेत बी नाई.

मी वीस-पंचवीस नळ्या फडक्यात बांधल्या, पुडा केला, अन् सोता जाऊन तिच्या ढोलीत तळाशी ठेवला. वरून तांदूळ ओतला. देवका म्हनली, "मोडतीन ना वं बाई?" मी म्हनलं, "मोडल्या तं पारा बाहेर येईन, चांगलंच हाय."

हे माहे शब्द हायत. दुसऱ्या कोनाचे नाई.

त्या साली सोंडा लागला नाई. ढोली रिकामी झाली तवा तळात फडकं होतं अन् फडक्यात काचेचा निसता चुरा. देवकानं झाडूनं झाडला. मी नवीन पुडा ठेवला. असं दरसाल. मंग शेजारच्या बाया मांगाले लागल्या. मले मोठं बरं वाटे. कबाडातल्या बाईजवळ कोनी मांगाले येत नाई कधी. मी पुडे बांधून ठेवत गेली. सहा बायांना देले. त्यातली एक ती अहेरीची. पाटीसंगं तिले बी एक पुडा देला, हातानं सांगतलं का धान्यात ठेवजो. तिनं मान हालवली अन् पुडा कमरेले खोसला.

देवकाचे हात कापाले लागले ते मंग. पैले चहाच्या कपात दिसलं. मंग पेचकस स्क्रूवर बसे नाई. झोप जाये, चिडचिड करे, नाव इसरून जाये. डॉक्टरनं इचारलं, काय काम करता. ती म्हनली, "तारा सोलतो." डॉक्टर म्हनले, वयानं बी होते. नळ्या काढाचं तिचं काम तवाच गेलं होतं, शेठनं तारा सोलाले बसवलं होतं. मंग ते बी जमे नाई. शेठ म्हने, "बाईले घरी बसवा, हात कापून घेईन एखाद दिवस, माह्यावर येईन." देवका तरी ये. घरी बसून काय करू, म्हने. खोलीत डोस्कं दुखते.

आता तो दिवस. निशा मॅडम कॉलेजातले जुने चपटे मॉनिटर घेऊन आल्या. त्यात एक नवाच होता. लांब, खाटेच्या पाटीएवढा, अन् वाकडा, सूप उभं धरल्यावानी. पातळ असा का मी म्हनलं, याचं आतलं कुठी गेलं. कोनाच्या तरी हातून पडला होता, एका कोपऱ्यात तडा. शेठनं बोर्डाले लावून पायला. चालू झाला. काळा एवढा काळा का बंद हाय असंच वाटे, अन् खाली एक फिकट पट्टी दिसून राह्यली, जाईना.

"ती छापली गेलीय," मॅडम म्हनल्या. "यात सारखं एकच चित्र एकाच जागी ठेवलं की त्याचा डाग राहतो."

देवका म्हनली, "आमच्यावानी."

राजन्नानं पेचकस घेतला अन् मॉनिटरच्या चारी बाजूनं अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. "स्क्रू कुठी हाय? दरवाजाच नाई या घराले."

"असे फार उघडायचे नसतातच, मिस्त्री. चिकटवलेले असतात."

शेठ म्हनला, "मंग आमी खावं काय?"

मॅडम हसल्या. त्याहीनं समजावून सांगतलं, अन् चांगलं सांगतलं, माह्यासारखीले समजलं. पैले मांगं नळीचा दिवा होता. मंग नळी गेली अन् बारीक बारीक दान्यावानी एलईडीचे दिवे आले. आता या नव्या जातीत मांगं दिवाच नाई. पडद्याचा एकेक ठिपका सोताच जळते अन् सोताच इझते. काळं दाखवाचं असन तं तो ठिपका मरून जाते, म्हून एवढा काळा. पुढं याच्याहून पातळ येनार, कागदावानी भिंतीले लागनार. घडी होनारे बी निघाले म्हनते. डाग न पडनारे येतीन. डोळ्याले तरास कमी. अन् जुना झाला का बनवनाऱ्यानंच वापस न्यावा, असं बी होईन म्हने.

शेठ म्हनला, "वापस नेईन तो? अजून खोके नेनारा आला नाई."

देवकानं इचारलं, "मॅडम, अन् पारा?"

"यात पारा नाही, मावशी. एलईडीवाल्यात पण नाही. तो त्या नळ्यांमध्येच होता. तुम्ही त्या नळ्यांचं काय करता?"

"खोक्यात ठेवतो," शेठ म्हनला.

"फुटू देऊ नका हं. एकेका नळीत थोडाच असतो, पण त्याची वाफ होते. दिसत नाही, वास येत नाही. बंद खोलीत खूप फुटल्या तर श्वासातून जातो. मग झोप जाते, माणूस चिडतो, हात कापतात."

देवकाचा उजवा हात मांडीवर होता. तिनं त्यावर डावा ठेवला. दोनी कापून राह्यले. मी म्हनलं, कोनी बोलाच्या आधी आपनच बोलावं.

"मॅडम, त्या नळ्या मी हिच्या तांदळात ठेवल्या. पाच-सहा साल. ढोली उशाशी हाय."

शेठ पैला बोलला. "मी नाई सांगतलं असं करा म्हून. राजन्ना, तू गवाह हाय." राजन्ना तेलुगूत कायतरी बोलला, शेठकडे पाहून. काय बोलला ते मले त्यानं अजून सांगतलं नाई.

मी देवकाकडे पायलं. तिनं मॉनिटरकडे पायलं, त्या खालच्या पट्टीकडे. मंग म्हनली, "हा बिनपाऱ्याचा पैले काऊन नाई बनवला?"

हे तिनं मॅडमले इचारलं. मॅडमचा त्यात काय दोष. मले तिनं कायी इचारलं नाई. ते इचारलं असतं तं बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम हातमोजे अन् झाकनाचं पिंप घेऊन देवकाच्या घरी आल्या. पैले दारं-खिडक्या उघडून आमाले बाहेर बसवलं. ढोली अर्धी भरली होती. म्हनल्या, हा तांदूळ खायचा नाही, कोंबड्यांना पण नाही. सारा पिंपात. देवका अंगनात उकिडवी बसून होती. आमच्या घरी खाली पडलेला दाना उचलून कपाळाले लावतात. तिनं जलमात अन्न फेकलं नाई, सोंड्याचं बी येचून खाल्लं. पिंपाचं झाकन बंद झालं तवा म्हनली, "चांगला तांदूळ होता बाई. एक किडा नव्हता."

मंग सात-आठ दिवस माह्याशी बोलली नाई. मी रोज तिचं पानी भरून देलं. ती मना करे नाई. नवव्या दिवशी म्हनली, "पान्याचा गुंड लहान घेत जा, तुही बी कंबर गेली हाय." त्याच्यानंतर आमच्यात या गोष्टीचं बोलनं झालं नाई.

डॉक्टरले या वक्ती मी सोता सांगतलं, नळ्या, ढोली, उशी, सारं. त्याहीनं लघवी तपासाले पाठवली. पारा निघाला. पन हात त्यानंच कापतात का दुसऱ्या कशानं, हे ठासून सांगता येत नाई, म्हनले. गोळ्या देल्या. झोप आता येते तिले. हात तसेच हायत. भाकर मी थापते, ती शेकते.

नवा मॉनिटर शेडात कोपऱ्यात पडून हाय. उघडत नाई म्हून कामाचा नाई. राजन्ना येताजाता त्याले बोट लावून पायते. माहा त्या मॉनिटरवर राग नाई. चांगला बनवला. पारा नाई, पेटीवाल्याची शिशाची काच नाई, मान मोडनारं वजन नाई. ज्याच्या टेबलावर येईन त्यानं खुशाल वापरावा. पन पुढं त्याच्यात काय टाकून राह्यले, तो डिंक कायचा हाय, तो जळते तं काय निघते, हे बनवनारा आमाले सांगन का? पेटीच्या भुकटीचं नाई सांगतलं, नळीचं निम्मं सांगतलं. आमाले निसतं "पारा हाय" एवढंच आलं, अन् आमच्या घरी पारा मंजे औषध. त्या नव्याले बी एखाद दिवस कोनी बाई उघडनच. दरवाजा नसन तं फोडन.

आता त्या सहा बाया. देवका एक. चौघी इथल्याच, त्याहीच्या घरी मी सोता गेली. दोघीच्या धान्यात पुडा तसाच होता, साबूत, तो मॅडमनं नेला. एकीनं कधीचा फेकला होता. एकीनं मले दारातूनच वापस केलं, म्हने, "पैले देतो अन् मंग मांगाले येतो, जळतो काय वं आमच्यावर?" मी दारात बसून रायली. दुपारून तिच्या सुनेनं आनून देला.

रायली अहेरीची. तिच्या भावाले शोधलं, तो हमाली सोडून तेलंगनात गेला, कुठी ते कोनाले मालूम नाई. मी दोनदा अहेरीच्या बाजारात जाऊन बसली, डिंक-चारोळी घेऊन बसतात त्या बायांच्या ओळीत. गोंदलेले हात पाहात रायली. सारेच हात गोंदलेले. एकीले इचारलं, दुसरीले इचारलं, "कवेलूत चमकती पाटी बसवली असं घर हाय काय तुमच्याकडे?" त्या एकमेकीत बोलल्या अन् हसल्या. त्याहीले वाटलं म्हातारी पागल हाय. तिसऱ्यांदा जाईन म्हनलं तं गुडघ्यानं नाई म्हनलं.

म्हून हे सांगून राह्यली. हे ज्यात छापनार तो अंक अहेरीच्या वाचनालयात जाते, आश्रमशाळेत जाते, असं मले सांगतलं. तं जो कोनी वाचन, मास्तर असो, फॉरेस्टचा मानूस असो, आशाताई असो, तुमी गावोगावी फिरता. कोन्या घराच्या कवेलूत काचेवानी जाड पाटी बसवलेली दिसली, जिच्यातून दिवसा उजेड पडते, तं आत जा. त्या घरच्या बाईले तिच्या भाषेत सांगा का बल्लारपूरच्या म्हातारीनं देलेला पुडा धान्यातून काढ. पुडा खोलू नका. काच मोडली असन तं झाडूनं झाडू नका, हातानं उचलू नका, लेकरं बाहेर काढा, पुडा झाकनाच्या बरनीत बंद करा. ते धान्य खाऊ नका. हात कापत असन तं डॉक्टरले नळीचं नाव घेऊन सांगा.

अन् आधी खोलीत हवा येऊ द्या. त्या घराले खिडकी नाई, असं तिच्या नवऱ्यानं सांगतलं होतं. मी देलेली पाटी कवेलूतून काढा, तिथून हवा येईन.